भरतीचं पुस्तक

या होडीवर माझ्याकडे एकच खातं: भरतीचं पुस्तक.
शीड त्याचं, सुकाणू त्याचं, इंजिनाला शिव्या त्याच्या.
मी आकडे वाचते, तो मान हलवतो.
होडी चार वर्षांची. सवय त्याच्या कितीतरी आधीची.

कोचीहून निघताना रत्नागिरीपर्यंत पंधरा दिवस धरले होते.
झुवारीत शिरलो ते गोड्या पाण्यासाठी,
दोन कॅन डिझेलसाठी,
आणि त्याच्या उजव्या हाताला विसावा म्हणून,
जो हल्ली गाठ अर्धी मारून थांबतो,
मागून कुणी हाक मारल्यासारखा.

सां जासिंतच्या आडोशाला नांगर टाकला.
बेटावर एक पांढरं कपेल, माडांत पाच-सहा घरं,
एका घराच्या खिडकीला अजून शिंपल्यांच्या काचा,
संध्याकाळी त्या दुधाच्या सायीसारख्या दिसतात.
डोक्यावरून दाभोळीची विमानं, चाकं काढून.

तेवढ्यात रेंज आली आणि मुलाचे फोटो:
न्हाणीघरात स्टीलची दांडी, 'बाबांना धरायला'.
जिन्याला नवा कठडा.
खोली खाली आणलीय, तुळशीकडची.
श्रीरंगनं दोन बोटांनी दांडी मोठी करून पाहिली,
खूप वेळ.
म्हणाला, वेल्डिंग बरं केलंय.

रात्री मतलई धरून बाहेर पडायचं ठरलं.
भरती कधी गं?
पुस्तकात होतं तीन दहा.
मी म्हणाले, पावणेपाच.

पावणेपाचला टिटवी चिखलात आडवी झाली होती.
अमावास्येची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं,
आणि आम्ही तिरके.
चहाचं भांडं तिरकं, देव तिरका,
चष्मा घरंगळत सिंकमध्ये.
एका अंगाला दोघंही घसरलो,
इतक्या जवळ किती महिन्यांनी झोपलो होतो.

उजाडल्यावर एस्कोलास्तिकाबाय आली,
गुडघाभर चिखलात, कमरेला टोपली, तिसऱ्या वेचत.
होडीकडे बघून हसली,
'बोट न्हिदली गे तुमची!'
मग टोपलीतल्या मूठभर तिसऱ्या
आमच्या बादलीत टाकत,
'घर खंय तुमचें?'
तो म्हणाला, रत्नागिरी.
मी त्याच क्षणी टिटवीकडे हात केलेला.
तिनं दोघांकडे पाहिलं,
आणि पुढची तिसरी उकरली.

दुपारी पाणी आलं, पण वारा वायव्येचा, थेट तोंडावर.
आणि उधाण उतरणीला लागलेलं, भरती रोज वीतभर आखूड.
आज रात्री निघालो नाही
तर पुनवेशिवाय या गाळातून सुटका नाही.
हे दोघांनाही ठाऊक होतं.
हे कुणी बोललं नाही.
मी तिसऱ्यांना खोबरं-वाटण केलं, तिरक्या शेगडीवर,
एका बाजूनं जळालं.
तो बोटं चाटून म्हणाला,
काल तीन दहाची होती ना?

मी पुस्तक मिटलं.
तुला कसं कळलं?
तू झोपलीस की मी वाचतो रोज. वर्षभर झालं.
मग उठवलं का नाहीस?
तू म्हणालीस ना, पावणेपाच.

आज तीन अठ्ठावन्न.
मी जागी आहे, तोही.
दूर लोह्याची बार्ज घरघरत चाललीय वास्कोकडे.
आधी कण्याखाली गुदगुल्या केल्यासारखं पाणी,
मग सिंकमधला चमचा सरळ झाला,
देव सरळ झाला,
आणि टिटवी अंग झाडून उभी राहिली.
जमिनीवरून वारा आलाय,
त्यात शेणीच्या धुराचा वास.

तो उठून पुढे गेला. अंधारात साखळीचा आवाज,
चार कड्या.
मग थांबला.
गाठीसाठी थांबला की कशासाठी, इथून दिसत नाही.
मी पंप मारायच्या निमित्तानं बसून राहिले,
पाणी अजून अर्धा तास तरी टिकेल,
पुस्तकाप्रमाणे.